फ्लॉरेन्स : छायाचित्रांच्या चौकटीतले आणि चौकटीबाहेरचे

परदेशप्रवास ही आता आपल्या मंडळींत अपूर्वाईची गोष्ट राहिलेली नाही. मुलगा किंवा मुलगी पश्चिमेकडे स्थायिक झाली की आईवडिलांची एखादी फेरी तिकडे होतेच, आणि परतल्यावर कोजागिरीच्या दुधाबरोबर प्रवासातील छायाचित्रे दाखविण्याचा कार्यक्रमही ठरलेला असतो. पूर्वी त्यासाठी भिंतीवर पांढरी चादर लावून यंत्र मांडावे लागे. आता फोन या हातातून त्या हातात फिरतो, एवढाच काय तो फरक. या छायाचित्रांत इटलीतील फ्लॉरेन्स हे शहर हटकून असते, आणि मौज अशी की, ती कोणीही काढलेली असोत, त्याच चार-पाच जागांवरून काढलेली असतात. टेकडीवरच्या गच्चीवरून दिसणारे तांबूस कौलांचे शहर, एका पुलावरून दिसणारा दुसरा पूल, प्रचंड घुमट, आणि संगमरवरी डेव्हिड.

याबद्दल नाक मुरडण्याचे कारण नाही. जागा सुंदर आहेत म्हणूनच तेथे गर्दी होते. परंतु त्या तशा सुंदर दिसू लागल्या कशा, याला इतिहास आहे, आणि तो कॅमेऱ्याच्या चौकटीत सहसा मावत नाही. त्या इतिहासाचा थोडा मागोवा येथे घ्यावयाचा आहे. अखेरीस वाचकांना अशा एका जागी न्यावयाचे आहे, की जी सहलीच्या बसगाड्यांच्या वाटेवर नाही, पण मराठी माणसाने फ्लॉरेन्सला जाऊन ती न पाहता परतणे बरे नव्हे.

फ्लॉरेन्स आणि छायाचित्रण यांचे नाते जुने आहे. लेओपोल्दो अलिनारी याने १८५२ साली येथे छायाचित्रांचा कारखाना काढला आणि लवकरच त्याचे दोन भाऊ त्यात सामील झाले. प्रवाशाच्या गळ्यात स्वतःचा कॅमेरा येण्यापूर्वी कित्येक दशके, युरोपची यात्रा करणारा माणूस फ्लॉरेन्सची आठवण म्हणून अलिनारींची चित्रे विकत घेऊन जाई. इमारत समोरून, किंचित उंचावरून, रेषा सरळ राखून टिपावयाची, अशी त्यांची शिस्त होती. त्या काळच्या काचा मंदगतीच्या असल्यामुळे हलती माणसे उमटत नसत. भर दुपारचे चौकही चित्रात ओस दिसतात. आज आपण ज्या जागी उभे राहून फोन उंच धरतो, त्यांतील पुष्कळ जागांची निवड या तीन भावांच्या तिपाईने आधीच करून ठेवली आहे. ही अलिनारींची चित्रसंपदा अलीकडे तोस्काना प्रांताच्या सरकारने विकत घेऊन सार्वजनिक केली आहे.

आता त्या सुप्रसिद्ध गच्चीकडे वळू. अर्नो नदीच्या दक्षिण तीरावरील टेकडीवर जे विस्तीर्ण पटांगण आहे, त्याला मिकेलँजेलोचे नाव आहे. तेथून सारे शहर एका दृष्टिक्षेपात येते. डावीकडे नदी आणि तिच्यावरील पूल, मध्ये जुन्या राजवाड्याचा मनोरा, पलीकडे घुमट, उजवीकडे सांता क्रोचे, आणि मागे फिएसोलेच्या टेकड्या. पाहणाऱ्यास वाटावे की शहर असे अनादि कालापासून दिसत आले असेल. वास्तविक ही गच्ची दीडशे वर्षांपेक्षा फारशी जुनी नाही. इटलीचे एकीकरण झाल्यावर १८६५ ते १८७१ या काळात फ्लॉरेन्स हे नव्या राज्याच्या राजधानीचे शहर होते. राजधानीला शोभेल असे रूप शहराला द्यावे म्हणून जुझेप्पे पोज्जी या वास्तुशिल्पज्ञावर काम सोपविण्यात आले. त्याने उत्तर तीरावरील मध्ययुगीन तट पाडून तेथे रुंद रस्ते काढले, आणि दक्षिणेच्या टेकड्यांवरून वळसे घेत जाणारा एक रम्य मार्ग आखून त्याच्या माथ्यावर हे पटांगण बांधले. म्हणजे हा देखावा जितका निसर्गाचा तितकाच एका नगररचनाकाराचा आहे. त्याने शहरालाच चित्र करून समोर मांडले. पटांगणाच्या मध्यभागी डेव्हिडची कांस्यप्रतिमा आहे. ती १८७३ च्या जून महिन्यात बैलांच्या नऊ जोड्या लावून चढावरून वर ओढून नेण्यात आली.

सूर्यास्ताच्या वेळी येथे पाय ठेवावयास जागा नसते. नदीवर उतरणारा सोनेरी प्रकाश त्या वेळी अप्रतिम असतो, यात शंका नाही. परंतु ज्याला घुमटाचा रंग, विटांची तांबूस छटा आणि संगमरवराच्या हिरव्या-पांढऱ्या रेघा स्पष्ट हव्या असतील, त्याने सकाळी यावे. सकाळी ऊन पाठीमागून शहरावर पडते आणि गर्दीही नसते. शिवाय सकाळच्या शांततेत आणखी थोडे वर चढून सान मिनियातोच्या देवालयापर्यंत जाता येते. या देवालयाची उभारणी अकराव्या शतकाच्या आरंभी सुरू झाली, आणि त्याचा दर्शनी भाग माझ्या मते संपूर्ण शहरात सर्वांत प्रसन्न आहे. १५२९-३० साली सम्राटाच्या व पोपच्या सैन्याने फ्लॉरेन्सला वेढा दिला तेव्हा तटबंदीचे काम खुद्द मिकेलँजेलोकडे होते. या टेकडीवरील घंटाघरावर शत्रूच्या तोफा चालत होत्या. तेव्हा त्याने भिंतींवरून लोकरीच्या गाद्या सोडून तोफगोळ्यांचा मार बोथट केला, अशी हकीकत त्याचा चरित्रकार वसारी देतो. वेढा दहा महिने चालला, शहर शरण आले, प्रजासत्ताक संपले आणि मेदिची घराणे कायमचे सत्तेवर बसले. मनोरा मात्र उभा आहे.

पुलांची हकीकत अधिक विस्ताराने सांगावी लागेल, कारण फ्लॉरेन्सचे सर्वाधिक छायाचित्रित दृश्य म्हणजे पोन्ते वेक्क्यो, अर्थात जुना पूल. १३३३ च्या महापुरात आधीचा पूल वाहून गेला आणि सध्याचा दगडी पूल १३४५ साली पुरा झाला. त्याच्या दोन्ही अंगांना दुकाने आहेत. आज तेथे सोनारांचे दिवे लखलखतात. पूर्वी तेथे मुख्यतः खाटीक बसत, आणि टाकाऊ भाग खाली नदीत टाकीत. १५६५ साली वसारीने दुकानांच्या डोक्यावरून राजघराण्यासाठी एक बंदिस्त मार्गिका बांधली. कोझिमो मेदिचीच्या मुलाच्या विवाहानिमित्त हे काम अवघ्या पाच महिन्यांत उरकले गेले. राज्यकर्त्यांना प्रजेत न मिसळता कचेरीतून वाड्यात जाता यावे, हा हेतू. मात्र खालची दुर्गंधी वर येऊ लागली, तेव्हा १५९३ साली फर्दिनांदो पहिला याने खाटकांना हलवून तेथे सोनारांना बसविले. वाचकांनी पुलाच्या दक्षिण टोकाशी नीट पाहावे. तेथे ही मार्गिका एका जुन्या बुरुजाला वळसा घालून जाते. बुरुज मान्नेल्ली कुटुंबाचा होता आणि त्यांनी तो पाडू देण्यास नकार दिला. राजाला वाकडी वाट करावी लागली, आणि ती आजही वाकडीच आहे. अनेक वर्षे बंद असलेली ही मार्गिका डिसेंबर २०२४ पासून लोकांसाठी पुन्हा खुली झाली आहे.

जुन्या पुलाचे चित्र घेण्यासाठी लोक त्याच्या पश्चिमेकडील सांता त्रिनिता पुलावर उभे राहतात. संध्याकाळी हे योग्यच, कारण मावळतीचे ऊन समोरच्या पिवळ्या-तपकिरी भिंतींवर सरळ पडते. पूर्वेकडील पोन्ते आल्ले ग्रात्सिये या पुलावरून पाहिल्यास त्याच वेळी जुना पूल प्रकाशाच्या पार्श्वभूमीवर काळा उमटतो. तेही चित्र वाईट नसते. पण सांता त्रिनितावर उभे राहणाऱ्यांपैकी किती जण आपल्या पायांखालच्या पुलाकडे पाहतात, कोण जाणे. माझ्या मते दोहोंत देखणा तोच. बार्तोलोमेओ अम्मानाती याने १५६७ ते १५६९ या काळात बांधलेल्या या पुलाच्या तीन कमानी इतक्या हलक्या वळणाच्या आहेत की दगड ताणून वाकविल्यासारखा वाटतो. चार कोपऱ्यांवर चार ऋतूंचे पुतळे आहेत. ते १६०८ साली आणखी एका राजविवाहासाठी बसविले गेले.

हा पूल १९४४ साली नष्ट झाला. दुसऱ्या महायुद्धात माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने ३ ऑगस्टच्या रात्री आणि ४ ऑगस्टच्या पहाटे सुरुंग लावून अर्नोवरील पूल एकामागून एक उडविले. एकटा जुना पूल शिल्लक ठेवला गेला. तो वाचावा म्हणून फ्लॉरेन्समधील जर्मन वकील गेरहार्ड वोल्फ याने खटपट केली होती, आणि त्याच्या स्मरणार्थ २००७ साली पुलावर एक शिला बसविण्यात आली. परंतु वाचविण्याची किंमतही चुकवावी लागली. पुलावरून शत्रूला वाट मिळू नये म्हणून त्याच्या दोन्ही टोकांचे मध्ययुगीन मोहल्ले सुरुंगाने जमीनदोस्त केले गेले. आजच्या छायाचित्रांत पुलाच्या दोन टोकांना ज्या जरा सपाट, नव्या धाटणीच्या इमारती दिसतात, त्या युद्धानंतरच्या आहेत. चित्र काढणारा बहुधा त्या चौकटीबाहेर ठेवण्याची धडपड करतो. त्या चौकटीत असू द्याव्यात, असे मी म्हणेन.

युद्ध संपले आणि सांता त्रिनिता कसा बांधावयाचा, यावर वाद माजला. नव्या पद्धतीचा काँक्रीटचा पूल स्वस्तात झाला असता. नागरिकांचा आग्रह असा की होता तसा आणि होता तेथेच. नदीच्या गाळातून मूळचे दगड वेचून काढण्यात आले. जे कमी पडले त्यांसाठी बोबोली उद्यानातील जुनी दगडखाण पुन्हा उघडली. जुनी रेखाटने व छायाचित्रे समोर ठेवून कमानींचे वळण निश्चित केले गेले. १९५८ साली पूल रहदारीस खुला झाला. ऋतूंचे पुतळेही सापडले, फक्त वसंत ऋतूच्या पुतळ्याचे शिर मिळेना. ते कोणी सैनिकाने पळविले, अशा वावड्या उठल्या, बक्षीसही जाहीर झाले. अखेर १९६१ साली नदीचा तळ उपसताना ते पाण्यातच मिळाले. आज त्या पुतळ्याच्या मानेजवळ सांधा दिसतो. जवळून चित्र घेणाऱ्याने तो अवश्य टिपावा.

घुमटाविषयी इतके लिहिले गेले आहे की येथे थोडक्यात आटोपतो. महामंदिराचा पाया १२९६ साली घातला गेला. मंदिर वाढत गेले, पण मध्यभागीचे अष्टकोनी विवर झाकावयाचे कसे, हे कोणालाच ठाऊक नव्हते. एवढ्या रुंदीला लाकडी आधार उभारण्यास पुरेसे लाकूड मिळाले नसते. १४१८ साली स्पर्धा जाहीर झाली आणि फिलिप्पो ब्रुनेलेस्की नावाच्या सोनारकाम शिकलेल्या माणसाने, एकात एक असे दोन घुमट करून आणि विटा माशाच्या काट्यासारख्या तिरप्या रचून, आधाराविना काम करून दाखविले. १४२० ते १४३६, सोळा वर्षे. घुमटावर चढण्यास ४६३ पायऱ्या आहेत आणि वेळ आधी ठरवून घ्यावी लागते. परंतु छायाचित्रासाठी चढणाऱ्याने शेजारच्या जॉत्तोच्या घंटाघराच्या ४१४ पायऱ्या चढाव्यात. कारण उघड आहे: घुमटावर उभे राहिल्यास घुमट दिसत नाही!

खाली चौकात उभे राहून घुमट चौकटीत बसविण्याचा प्रयत्न व्यर्थ होय. त्यासाठी ईशान्येस सांतिस्सिमा आन्नुन्त्सियाता या देवालयाच्या चौकात जावे. तेथून व्हिया देई सेर्वी ही सरळ अरुंद गल्ली महामंदिराकडे जाते, आणि गल्लीच्या टोकाशी घुमट असा काही भरून उभा राहतो की दोन्हीकडची घरे चौकटीचे काम करतात. चौकात अश्वारूढ पुतळा आहे तो त्याच फर्दिनांदोचा, ज्याने खाटकांना पुलावरून उठविले.

परंतु या चौकात आल्यावर एक दृष्टिक्षेप उजव्या-डाव्या बाजूंकडेही टाकावा. एका बाजूस उंच पायऱ्यांवर सडपातळ खांबांची एक ओसरी आहे. तीही ब्रुनेलेस्कीचीच; १४१९ साली तिचे काम सुरू झाले. ही इमारत अनाथ बालकांसाठी रेशीमव्यापाऱ्यांच्या श्रेणीने बांधली, आणि १४४५ साली तेथे पहिले मूल आले. कमानींच्या मधल्या जागी निळ्या गोलांत बाळोत्यात गुंडाळलेली पांढरी तान्ही मुले आहेत. ती आंद्रेआ देल्ला रोब्बियाच्या हातची. प्रवासी त्यांची छायाचित्रे घेतात, आणि घ्यावीत अशीच ती आहेत. मात्र आतील संग्रहालयात काही लहान वस्तू ठेवल्या आहेत, त्या चुकवू नयेत. मूल सोडून जाणारी आई कधी त्याच्या अंगावर अर्धे तोडलेले नाणे किंवा पदक ठेवून जाई, आणि दुसरा अर्धा भाग स्वतःजवळ जपे. कधी काळी परिस्थिती सुधारली, तर दोन तुकडे जुळवून आपले मूल ओळखता यावे, ही आशा. संग्रहालयात जे तुकडे आहेत, ते अर्धेच आहेत.

सिन्योरिया चौकातील गर्दीत मी वाचकांना फार वेळ थांबवणार नाही. जुन्या राजवाड्याच्या दाराशी जो डेव्हिड उभा आहे तो नक्कल आहे, हे बहुतेकांस ठाऊक असते. १५०४ साली बसविलेला मूळ पुतळा ऊनपावसापासून वाचविण्यासाठी १८७३ साली अकादमीत हलविला गेला, आणि १९१० साली त्याच्या जागी प्रतिकृती आली. पण त्याच चौकातील फरसबंदीत एक गोल शिला आहे. लोक तिच्यावर उभे राहून राजवाड्याचे चित्र घेत असतात. सावोनारोला या धर्मोपदेशकाने १४९७ साली याच चौकात चित्रे, पुस्तके, आरसे, वाद्ये यांची होळी केली होती. २३ मे १४९८ रोजी त्याला फाशी देऊन त्याचा देह जेथे जाळला, ती जागा त्या शिलेने दर्शविली आहे.

राजवाड्यामागून सांता क्रोचेकडे जाताना व्हिया देई नेरी लागते. तिला मिळणाऱ्या सान रेमिजो नावाच्या लहानशा गल्लीच्या कोपऱ्यावर, डोक्याच्या बऱ्याच वर, भिंतीत दोन शिला आहेत. खालची १३३३ सालची. तिच्यावर एक कोरीव हात पाण्याची पातळी दाखवितो. तिच्याही वर दुसरी आहे, ती १९६६ सालची. दोन्ही पूर एकाच तिथीचे, ४ नोव्हेंबरचे, आणि दोहोंत सहाशे तेहेतीस वर्षांचे अंतर. १९६६ च्या पुरात चिखल आणि तापविण्याच्या तेलाचा काळा थर शहरभर पसरला. घिबेर्तीच्या स्वर्गद्वाराच्या दहा चौकटींपैकी पाच निखळल्या. चिमाबुएच्या क्रूसाचा बहुतांश रंग धुऊन गेला. राष्ट्रीय ग्रंथालयातील लक्षावधी ग्रंथ चिखलात बुडाले. देशोदेशींचे तरुण आपण होऊन धावून आले आणि हातांची साखळी करून ग्रंथ बाहेर काढू लागले. इटालियन लोक त्यांना 'चिखलातले देवदूत' म्हणतात. हे चित्र घेताना शिलांखाली कोणास तरी उभे करावे, म्हणजे पाण्याची उंची घरच्यांच्या ध्यानात येईल.

आता ज्यासाठी हा लेखप्रपंच, त्या जागी जाऊ. शहराच्या पश्चिमेस, अर्नोच्या उजव्या तीराने, काशिने नावाचे विस्तीर्ण उद्यान आहे. नावाचा अर्थ गवळीवाडा. मेदिचींच्या गाईंचे कुरण होते ते. शेलीने पश्चिमवाऱ्यावरील आपले विख्यात काव्य १८१९ साली अर्नोकाठच्या वनराईत रचिले, तेही याच बाजूस. उद्यान लांबच लांब आहे. शहराकडील टोकाला ट्राम सोडते, पण आपल्याला जावयाचे ते दुसऱ्या टोकास, म्हणजे झाडांच्या रांगांतून अर्ध्या-पाऊण तासाची वाट. मुन्योने नावाची छोटी नदी जेथे अर्नोला मिळते, तेथे चबुतऱ्यावर एक छत्री उभी आहे. छत्री म्हणजे आपल्याकडील राजेरजवाड्यांच्या समाधीवर असते तशी, खांबांवर पेललेली घुमटी. तिच्याखाली फेटा बांधलेल्या, अलंकार ल्यालेल्या एका तरुणाचा रंगविलेला अर्धपुतळा आहे. तो कोल्हापूरच्या छत्रपती राजाराम महाराजांचा.

हे राजाराम म्हणजे शिवछत्रपतींचे पुत्र नव्हेत, हे सांगावयास नकोच. कोल्हापूरच्या गादीवरील या नावाचे ते दुसरे. जन्म १३ एप्रिल १८५० चा, पाटणकर घराण्यातला. दत्तक येऊन १८६६ साली ते गादीवर बसले. इंग्रजी शिकलेले, नव्या ज्ञानाची ओढ असलेले असे हे तरुण राजे १८७० साली विलायतेस निघाले. समुद्र ओलांडणे निषिद्ध मानले जात होते असा तो काळ. गादीवर असताना समुद्रापलीकडे विलायतेस गेलेल्या हिंदू राजांत त्यांचा क्रम अगदी आरंभीचा लागतो. प्रवासात ते इंग्रजीत रोजनिशी लिहीत. राणी व्हिक्टोरियाची भेट झाली, संस्था पाहिल्या, सभा-समारंभ झाले, आणि शरद ऋतूत युरोपखंडातून परतीचा प्रवास सुरू झाला. वाटेत प्रकृती बिघडली. फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबर १८७० रोजी, वयाची एकविशी पुरी होण्यापूर्वीच, त्यांचा अंत झाला.

त्या वर्षीचे फ्लॉरेन्स कसे होते, याचा जरा विचार करावा. सप्टेंबरात इटालियन सैन्य रोममध्ये शिरले होते आणि फ्लॉरेन्सची राजधानी म्हणून अखेरची घटका भरत आली होती. पोज्जीचे तट पाडण्याचे काम चालू होते. महामंदिराचा दर्शनी भाग बोडका होता; आज आपण ज्याचे चित्र घेतो तो रंगीत संगमरवरी मुखवटा १८८७ चा आहे. खरा डेव्हिड अजून उघड्या चौकात भिजत होता. अशा अर्ध्या मोडलेल्या, अर्ध्या बांधलेल्या शहरात एक हिंदू राजा मरण पावला होता, आणि त्याच्या माणसांना दहन करावयाचे होते. इटलीत तेव्हा दहनाची चाल नव्हती. मिलानमध्ये पहिले आधुनिक दहन झाले ते १८७६ साली, म्हणजे यानंतर पाच-सहा वर्षांनी. तरीही खास परवानगी मिळाली. दोन नद्यांच्या संगमाची जागा शोधली गेली, आणि रात्रीच्या वेळी काशिनेच्या निर्जन टोकास चिता रचण्यात आली. संगम हवा, हा आग्रह त्या परमुलखात कोणी धरला असेल, त्याचे नाव इतिहासाने ठेवलेले नाही. मुन्योने हा लहानसा ओढा. पंचगंगेच्या घाटावर ज्यांच्या पूर्वजांच्या छत्र्या आहेत, अशा राजाची रक्षा त्या ओढ्याच्या मुखाशी अर्नोत विसर्जित झाली.

महाराजांबरोबर असलेल्या कॅप्टन वेस्ट याने त्यांची रोजनिशी १८७२ साली लंडनहून प्रसिद्ध केली. १८७४ मध्ये दहनाच्या जागी ही छत्री उभी राहिली. आराखडा चार्ल्स मँटचा. कोल्हापूरचा नवा राजवाडा आणि बडोद्याचा लक्ष्मीविलास यांचे आराखडे पुढे ज्याने केले, तोच हा मँट. अर्धपुतळा फ्लॉरेन्सनिवासी इंग्रज शिल्पकार चार्ल्स फ्रान्सिस फुलर याचा. महाराजांच्या नावाने कोल्हापुरात राजाराम कॉलेज निघाले, त्यात शिकलेल्यांचे नातू-पणतू आपल्या मंडळातही असतील. गादीवर त्यांच्यामागून दत्तक आले, त्यांचाही अकाली अंत झाला, आणि १८८४ साली पुन्हा दत्तविधान होऊन शाहू महाराज आले. अर्नोकाठी तो तरुण दगावला नसता, तर कोल्हापूरचा आणि एकूण महाराष्ट्राचा इतिहास कोणत्या वळणाने गेला असता, हा प्रश्न मनात येतो खरा; इतिहासात त्याला उत्तर नाही.

छायाचित्राच्या दृष्टीने जागा सोपी नाही. झाडांची दाट सावली छत्रीवर पडते, आणि पुतळा छताखाली असल्याने त्याचा चेहरा काळवंडतो. ढगाळ दिवस असेल तर उत्तम. ऊन असेल तर सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर जावे, आणि झोताचा दिवा वापरू नये, रंग भडक उठतात. नदी चौकटीत हवी असल्यास छत्रीपासून पुष्कळ मागे सरावे लागते. बरोबर लहान मुले असतील, तर शहरातील संग्रहालयांनी कंटाळलेल्या त्यांना येथे धावावयास मोकळे मैदान मिळते, हा एक फायदाच.

फ्लॉरेन्सकरांना राजाचे नाव बहुधा ठाऊक नसते. ते या जागेला नुसते 'इंदियानो', म्हणजे 'भारतीय', म्हणतात. १९७२ ते १९७८ या काळात येथूनच जवळ अर्नोवर तारांनी तोललेला एक मोठा पूल बांधला गेला. त्या पद्धतीच्या पुलांत तो त्या वेळी फार नावाजला गेला. त्याचे नाव 'पोन्ते आल्ल इंदियानो', भारतीयाचा पूल. दिवसरात्र त्यावरून मोटारी आणि मालगाड्या धावतात. रस्त्याच्या खालच्या अंगाला पायी जाणाऱ्यांसाठी वेगळी वाट टांगली आहे. तिच्यावरून अर्नोचे पात्र, काशिनेची झाडे आणि, शोधल्यास, मुन्योनेचे मुख दिसते.